सगळ्यांचा मिळून एक डेटा पूल: कंपनीचं मोबाइल बिल खरंच आटोक्यात येतं का?

कंपनीच्या पोस्टपेड कनेक्शनसाठी ऑपरेटर साधारण दोन तऱ्हांनी डेटा विकतात. पहिल्या तऱ्हेत प्रत्येक नंबरला त्याचा स्वतःचा ठरलेला डेटा असतो. दुसरीत सगळ्या नंबरांचा डेटा एका हौदात जमा होतो आणि ज्याला जेवढा लागेल तेवढा तो उपसतो. या दुसऱ्या प्रकाराला पूल किंवा शेअर्ड डेटा म्हणतात. हा आढावा त्या पूलचा आहे आणि त्याच्यासोबत येणाऱ्या लवाजम्याचाही: पोर्टल (वापर पाहायचं ऑपरेटरचं संकेतस्थळ), अलर्ट, रोमिंग पॅक, एमडीएम (फोनवर दुरून ताबा ठेवणारी प्रणाली) वगैरे.

निकाल आधीच सांगतो. कनेक्शन पंधरा-वीसच्या वर असतील आणि काहींचा वापर भरमसाठ, बाकीच्यांचा नाममात्र असेल, तर पूल घ्यावा. मात्र विक्री प्रतिनिधी एक गोष्ट सांगत नाही: पूल खर्च कमी करतो आणि त्याच वेळी खर्च कोण करतंय हे झाकूनही टाकतो. वेगवेगळ्या प्लॅनमध्ये एखाद्याने मर्यादा ओलांडली की त्याच्या नावापुढे आकडा दिसतो. पूलमध्ये तोच आकडा चाळीस जणांत विरघळून जातो.

आधी गणित

समजा ४० कनेक्शन आहेत. फिरतीवरचे ६ जण महिन्याला प्रत्येकी १८ जीबी वापरतात, उरलेले ३४ जण सरासरी अडीच जीबी. एकूण वापर झाला १०८ अधिक ८५, म्हणजे १९३ जीबी. सगळ्यांना १० जीबीचा स्वतंत्र प्लॅन दिला तर ४०० जीबी विकत घेतले जातात, त्यातले निम्म्याहून जास्त वाया जातात आणि तरीही ते सहा जण प्रत्येकी ८ जीबीने बाहेर पडतात. म्हणजे ४८ जीबीचा जादा आकार वेगळा. हीच माणसं पूलमध्ये आणली तर माणशी ५ जीबी धरून २०० जीबीत काम भागतं.

इथे थांबलात तर फसाल. १९३ वर २०० म्हणजे साडेतीन टक्क्यांचीच मोकळीक. एका माणसाने एक संध्याकाळ एचडी चित्रपट पाहिले की ती संपली. नेटफ्लिक्सच्याच माहितीनुसार एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो. मागच्या सहा महिन्यांतला सर्वात जड महिना घ्यावा आणि त्यावर दहा टक्के चढवावेत. वरच्या उदाहरणात १९३ हाच जड महिना असेल, तर २१० ते २२० जीबीचा पूल योग्य. सरासरी महिन्यावर पूल बेतला तर वर्षातले निम्मे महिने जादा आकार बसणार, हे वेगळं सांगायला नको.

कनेक्शन चार-पाचच असतील तर पूलचा फायदा फारसा मिळत नाही. एक जण बाहेरगावी गेला की सगळा अंदाज कोलमडतो. आणि ज्या प्लॅनमध्ये मर्यादेनंतर जादा आकार न लावता फक्त वेग उतरवतात, तिथे आधी वेग किती उतरतो ते विचारा. १२८ केबीपीएसवर १ एमबी उतरायला मिनिटभराहून जास्त वेळ लागतो. निरोपांची देवाणघेवाण होईल. नकाशा उघडणार नाही, आणि दहा एमबीची फाइल जोडलेली ईमेल म्हणजे दहा मिनिटांची शिक्षा.

करारातल्या अडचणीच्या जागा

पूल हा शब्द सगळीकडे एकच असला तरी आतली यंत्रणा एकसारखी नसते. काही ठिकाणी प्रत्येक नंबर आपला वाटा पूलमध्ये घालतो. नंबर बंद केला की पूलही तेवढ्याने आटतो. काही ठिकाणी हौद ठरलेल्या मापाचा असतो आणि नंबर त्याला फक्त नळासारखे जोडलेले असतात. पहिल्या प्रकारात रिकामे नंबर काढताना जपून, कारण न वापरला जाणारा नंबर डेटा मात्र पुरवत असतो. पाच रिकामे नंबर बंद केले, पूल २५ जीबीने उतरला आणि पुढच्या बिलात जादा आकार आला, असं व्हायला वेळ लागत नाही. अशा वेळी नंबर काढायचे आणि त्याच दिवशी उरलेल्यांपैकी काहींच्या प्लॅनचा टप्पा वाढवायचा.

मधल्या तारखेला जोडलेला नंबर त्या महिन्यात पूर्ण वाटा घालतो की उरलेल्या दिवसांपुरता, हे लेखी घ्या. नवा नंबर वेगळ्या प्लॅन-कुटुंबातला असेल तर तो मुळात पूलमध्ये येतच नाही, ही सर्वात जास्त वेळा होणारी चूक. बिलात त्या नंबरापुढे पूलचं नाव आहे का, ते पहिल्याच महिन्यात पाहावं. वर्षभराने सापडलं तर मागचे पैसे परत मिळवताना नाकीनऊ येतात.

जादा आकार कोणाच्या नावावर पडतो, हाही मुद्दा वरवर किरकोळ वाटतो. काही बिलांमध्ये हौद रिकामा झाल्यानंतर ज्याने वापरला त्याच्या नावावर सगळा आकार जातो. महिनाभर उधळणारा सुटतो आणि २९ तारखेला नकाशा उघडणारा सापडतो. खर्च विभागवार वाटत असाल तर बिलातली ही विभागणी वापरू नका. एकूण रक्कम प्रत्येकाच्या वापराच्या प्रमाणात स्वतः वाटा.

आता लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नंबर सोडता न येण्याची अट. चाळीस नंबर एकाच दिवशी घेतले तर मुदत एकाच दिवशी संपते. पण पुढे महिन्याला एखादा नंबर वाढत जातो आणि प्रत्येकाची चोवीस महिन्यांची मुदत त्याच्या स्वतःच्या तारखेपासून सुरू होते. दोन वर्षांनी ऑपरेटर बदलायचा म्हटलं की मूळ नंबर सुटतात, पण नंतरच्यांतला दर महिन्याला एखादाच सुटतो, बाकीचे अडकलेले. एकदम बाहेर पडायचा दिवस कधी उजाडतच नाही. उपाय करार करतानाच करायचा: नंतर जोडलेल्या प्रत्येक नंबरची मुदत मूळ कराराबरोबरच संपेल, असं कलम टाकून घ्यायचं. किमान कनेक्शनची अट असेल तर तिचा आकडा आजच्या संख्येच्या ऐंशी टक्क्यांवर आणण्याचा आग्रह धरा. नाहीतर रिकामे नंबर काढून वाचवलेले पैसे दंडात जातात. आणि हँडसेटचा हप्ता मासिक आकारात मिसळलेला असेल तर तो वेगळ्या ओळीत मागा; मुदत संपल्यावरही तो तसाच चालू राहिल्याचं मिसळलेल्या आकड्यात कळत नाही.

पोर्टल आणि अलर्ट: कामाचे, पण ढोबळ

पोर्टलवर बहुधा ८० आणि १०० टक्क्यांवर अलर्ट लावलेला मिळतो. नुसता टक्का बिनकामाचा असतो. ८० टक्के पंचवीस तारखेला झाले तर सगळं ठीक, बारा तारखेला झाले तर आग लागली आहे. म्हणून टक्क्याची तुलना गेलेल्या दिवसांशी करायची. तीस दिवसांच्या चक्रात दहाव्या दिवशी ३३ टक्के अपेक्षित. ४५ दिसले तर महिनाअखेर १३५ होणार. वापर मुख्यतः कामाच्या दिवशी होत असेल तर २२ कामाचे दिवस धरून हिशेब करा. महिन्याच्या सुरुवातीला सुट्ट्या आल्या तर साध्या हिशेबाने खोटी निश्चिंती येते. पोर्टलवर हव्या त्या टक्क्याचा अलर्ट लावता येत असेल तर ३०, ५५ आणि ८० वर लावून ठेवावेत आणि निरोप येईल तेव्हा फक्त तारीख पाहावी.

फोनमधला मोजणारा आकडा आणि बिलातला आकडा जुळत नाही, ही कायमची तक्रार. बऱ्याचदा कारण साधं असतं: तारखा वेगळ्या. ॲन्ड्रॉइडमध्ये डेटा वॉर्निंग अँड लिमिटमध्ये जाऊन चक्राची तारीख बिलाच्या तारखेशी जुळवता येते. आयफोनमध्ये ‘करंट पीरियड’ असं लिहिलेलं असलं तरी तो आकडा बऱ्याच नेटवर्कवर आपोआप शून्य होत नाही. यादीच्या तळाशी रीसेट स्टॅटिस्टिक्स दाबल्याशिवाय तो फोन घेतल्यापासूनचा चढत राहतो. तारखा जुळवूनही थोडा फरक उरतोच, कारण ऑपरेटर प्रत्येक सत्राचा, म्हणजे एका वेळच्या जोडणीचा, वापर वरच्या एककापर्यंत नेऊन मोजतो.

माणसाच्या फोनवर हा गोल करण्याचा फरक नगण्य, यंत्रांवर नाही. दर पाच मिनिटांनी १ केबी पाठवणारा ट्रॅकर दिवसाला २८८ सत्रं करतो. खरा वापर तीनशे केबीसुद्धा नाही. सत्रामागे १०० केबीचं एकक असेल तर बिलात २८.८ एमबी लागतात. यंत्रांची सिमं घेताना दर विचारण्याआधी हे एकक विचारावं.

कॅमेऱ्याचं राउटर तर पूलच्या आसपासही फिरकू देऊ नये. २ एमबीपीएसने सतत चित्र पाठवणारा कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी खातो. वरच्या उदाहरणातला अख्खा पूल त्याला दहा दिवस पुरतो.

पूलच्या आत नंबरवार मर्यादा घालता येते का, हा पोर्टलचा खरा कस. येत असेल तर हलक्या वापराच्या माणसांना ६ जीबी, जड वापराच्यांना २५ जीबी अशी मर्यादा ठेवावी. सगळ्या मर्यादांची बेरीज पूलपेक्षा जास्त येते, ते बरोबरच आहे. एकाच महिन्यात सगळे आपापल्या मर्यादेला टेकत नाहीत. मर्यादा गाठल्यावर डेटा तोडायचा की वेग उतरवायचा? माणसांसाठी वेग उतरवा, यंत्रांसाठी तोडा. ग्राहकाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचा नकाशा आणि ऑर्डरचं ॲप एकदम बंद पडलं तर वाचलेल्या डेटापेक्षा महाग पडतं. यंत्र मात्र बिघडलं की रात्रभर तेच तेच पाठवत बसतं.

हॉटस्पॉट: गळती इथेच असते

पूल फुटला की संशय आधी व्हिडिओवर जातो. बिल उघडून पाहिलं तर बहुतेक वेळा लॅपटॉप सापडतो. फोनवर ॲप्सना वाय-फाय आणि मोबाइल डेटा यातला फरक कळतो. हॉटस्पॉटला जोडलेल्या लॅपटॉपला वाटतं की आपण वाय-फायवर आहोत. मग सिस्टीमचं अपडेट, फायलींचं क्लाउड सिंक, फोटोंचा बॅकअप, सगळं मोकाट सुटतं. माणूस दहा मिनिटं ईमेल पाहतो आणि पडद्यामागे काही जीबी उतरलेले असतात.

विंडोजमध्ये उपाय दोन मिनिटांचा आहे. फोनच्या हॉटस्पॉटला जोडल्यावर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज, आणि तिथे मीटर्ड कनेक्शन (इथला डेटा मोजून मिळतो, अशी लॅपटॉपला दिलेली सूचना) चालू करायचं. वनड्राइव्हमध्ये मीटर्ड नेटवर्कवर सिंक थांबवण्याची सोय आहे, तीही चालू आहे का ते पाहा. इथे दोन मेखा आहेत. ही सेटिंग त्या एका नेटवर्कपुरती असते. फोन बदलला किंवा हॉटस्पॉटचं नाव बदललं की लॅपटॉपला ते नवं नेटवर्क वाटतं आणि पुन्हा पहिल्यापासून. दुसरी मेख केबलची. फोन यूएसबीने जोडला की विंडोजला तो इथरनेट दिसतो, आणि वाय-फायसाठी केलेली सेटिंग त्याला लागू होत नाही. इथरनेटच्या पानावर जाऊन ती वेगळी करावी लागते. मॅकमध्ये त्या नेटवर्कच्या तपशिलात लो डेटा मोड आहे. आयफोनमध्ये तो आयओएस १३ पासून, आणि ॲन्ड्रॉइडमध्ये डेटा सेव्हर ७.० पासून.

हॉटस्पॉटवर होणाऱ्या मीटिंगचा हिशेब करताना लोक एकच दिशा धरतात. आपलं चित्र वर जातं, समोरच्यांचं खाली येतं, आणि दोन्हींचं माप पूलमधून जातं. एका दिशेला १ एमबीपीएस धरला तर दोन्ही मिळून तासाला ९०० एमबी. कॅमेरा बंद आणि नुसता आवाज, एका दिशेला ६४ केबीपीएस, तर तासाला ५८ एमबीच्या आत. जवळजवळ पंधरापट फरक. पण नुसता आपला कॅमेरा बंद करून भागत नाही. समोरून येणारी चित्रं चालूच राहतात. मीटिंगच्या ॲपमध्ये येणारा व्हिडिओ थांबवण्याचा पर्याय वेगळा असतो.

आयफोनवर आणखी एक जागा: वाय-फाय असिस्ट. कार्यालयातलं वाय-फाय मंद झालं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो. ही सोय आयओएस ९ पासून आहे, मोबाइल डेटाच्या पानावर अगदी तळाशी. तिच्यासमोर तिने किती डेटा घेतला तेही लिहिलेलं असतं. कित्येक फोनवर तो आकडा जीबीत दिसला तर दोष फोनचा नाही, कार्यालयातलं राउटर बदलायला झालंय.

रोमिंग

देशाबाहेरचा वापर सहसा पूलमध्ये येत नाही. हे वाक्य प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं, कारण ‘आपल्याकडे पूल आहे’ हा विश्वासच महागात पडतो. पॅक नंबरवार घ्यावा लागतो. त्याचा दिवस पहिल्या वापरापासूनचे चोवीस तास की मूळ देशाच्या घड्याळातली तारीख, ते विचारा. तारखेवर चालणारा पॅक असेल तर एका रात्रीत दोन दिवस कापले जाऊ शकतात. विमानातलं आणि जहाजातलं नेटवर्क बहुतेक पॅकच्या बाहेर असतं. जहाजावर फ्लाइट मोड, आणि इंटरनेट हवं असेल तर जहाजाचं वाय-फाय. सीमेलगतच्या भागात काम करणाऱ्यांचा फोन पलीकडचा मनोरा पकडतो. तिथे नेटवर्क हाताने निवडून ठेवावं.

कॉल डायव्हर्ट हा जुना आणि अजूनही न चुकणारा सापळा. परदेशात असताना आलेला कॉल उचलला नाही, आणि फोनमध्ये ‘उत्तर नाही तर व्हॉइसमेल’ असं डायव्हर्ट असलं, तर काय होतं? कॉल आधी मूळ देशातून परदेशातल्या नेटवर्कपर्यंत जातो आणि तिथून व्हॉइसमेलसाठी परत मूळ देशात येतो. म्हणजे येणाऱ्या रोमिंग कॉलचा आकार आणि परतीच्या आंतरराष्ट्रीय कॉलचा आकार, तेही कोणी एक शब्द बोललेलं नसताना. निघण्यापूर्वी ##००४# डायल केलं की अटींवर चालणारी सगळी डायव्हर्ट रद्द होतात. ##००२# ने सरसकट सगळीच जातात. परत आल्यावर ती पुन्हा लावायची आठवण ठेवा, नाहीतर ग्राहकाचे कॉल हवेत विरतात.

लांबच्या प्रवासाला त्या देशाचं डेटा ई-सिम (कार्डाशिवाय, कोडने फोनमध्ये टाकायचं सिम) घेणं हा पर्याय बहुतेक वेळा रोमिंग पॅकपेक्षा सरस. कंपनीचा नंबर कॉल आणि ओटीपीसाठी चालू, डेटा दुसऱ्या लाइनवर. मात्र सेटिंग पूर्ण करा. कंपनीच्या लाइनवर डेटा रोमिंग बंद. आयफोनमध्ये ‘अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग’ बंद, कारण ते चालू असेल तर ई-सिमची रेंज गेली की फोन दुसऱ्या लाइनवर सरकू शकतो. ॲन्ड्रॉइडच्या काही फोनमध्ये हेच ऑटो डेटा स्विचिंग नावाने असतं. ई-सिमचा क्यूआर कोड बहुधा एकदाच चालतो, म्हणून तो कार्यालयातल्या वाय-फायवर, निघायच्या आदल्या दिवशी टाकावा. विमानतळावर घाईत टाकलेलं प्रोफाइल चुकून पुसलं गेलं की नवा कोड मागण्यापलीकडे हातात काही राहत नाही. आणखी एक बारीक खर्च: आयफोनमध्ये नवी लाइन टाकली की आयमेसेज आणि फेसटाइम सुरू होण्यासाठी फोन स्वतःच एक एसएमएस पाठवतो. तो आंतरराष्ट्रीय क्रमांकावर जाऊ शकतो आणि त्याचा आकार बिलात ‘हा कोणी केला?’ असा प्रश्न उभा करतो.

रोमिंगच्या नोंदी परदेशी ऑपरेटरकडून फायलींच्या रूपाने येतात, त्यामुळे पोर्टलवरचा आकडा मागे असतो. प्रवास संपला, बिल आलं, आकडा कमी दिसला म्हणून हिशेब मिटवू नका. उरलेलं पुढच्या बिलात येऊ शकतं.

एमडीएम: प्रत्येकाला लागत नाही

फोनवर दुरून ताबा ठेवणारी एमडीएम प्रणाली अनेकदा ‘डेटा वाचवते’ म्हणून विकली जाते. मर्यादित अर्थाने खरं आहे. कंपनीच्या मालकीचा आणि पूर्णपणे तिच्या ताब्यातला ॲन्ड्रॉइड फोन असेल तर डेटा रोमिंग आणि हॉटस्पॉट दोन्ही कुलूपबंद करता येतात. वापरणाऱ्याला ते उघडता येत नाही. आयफोनचं तसं नाही. एमडीएमने डेटा रोमिंग बंद करण्याचा हुकूम देता येतो, पण माणूस सेटिंगमध्ये जाऊन ते परत चालू करू शकतो. तिथे उपयोगी पडतो तो वेगळा नियम: कंपनीने टाकलेल्या ॲपना रोमिंगमध्ये किंवा एकूणच मोबाइल डेटावर मनाई. मोठ्या फायलींचं ॲप वाय-फायवरच चालेल, हे इतक्याने साधतं.

कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर वर्क प्रोफाइल टाकायचा बेत असेल तर एक गैरसमज आधीच काढून टाका. ॲन्ड्रॉइड ५.० मध्ये, म्हणजे २०१४ साली आलेलं हे प्रोफाइल ॲप्स आणि माहिती वेगळी ठेवतं, बिल वेगळं करत नाही. कामाच्या ॲपचा डेटा त्याच सिमवरून जातो. ‘कामाचा डेटा किती झाला’ यावर वाद घालण्यापेक्षा अशा ठिकाणी ठरावीक मासिक भत्ता देऊन मोकळं व्हावं.

आमचं मत: केवळ डेटा आवरण्यासाठी एमडीएमचं प्रत्येक फोनमागचं भाडं भरू नये. पोर्टलवरची नंबरवार मर्यादा आणि आंतरराष्ट्रीय सेवेवरचं बारिंग, म्हणजे ऑपरेटरकडून घातलेली बंदी, एवढ्याने काम होतं. सुरक्षेसाठी एमडीएम घेतलेलंच असेल तर वरचे नियम त्यात टाकावेत, फुकटचे आहेत.

रिकामे नंबर काढताना

पूलमध्ये रिकामे नंबर सर्वात सुरक्षित लपतात. शोधायची रीत सोपी. तीन महिन्यांची तपशीलवार बिलं सीएसव्हीत (तक्त्यासारख्या उघडणाऱ्या फाइलीत) उतरवा, नंबरवार मिनिटं, एसएमएस आणि डेटा यांची बेरीज करा, आणि तिन्ही रकान्यांत तिन्ही महिने शून्य असलेले नंबर वेगळे काढा. शून्य डेटा पण थोडेसे एसएमएस असतील तर तो नंबर यादीत घालू नका.

आता सबुरी. लिफ्टमधला आणीबाणीचा फोन महिनोन्‌महिने गप्प असतो, तसाच राहावा हीच अपेक्षा असते. चोरीच्या अलार्मचं पॅनेल, बँकेच्या ओटीपीचा नंबर, संकेतस्थळाच्या ॲडमिन खात्याचा रिकव्हरी नंबर हेही याच जातीचे. म्हणून थेट रद्द करू नका. आधी तात्पुरतं बंद करा, तीस दिवस थांबा, कोणी ओरडत आलं नाही तर पुढे जा. ओटीपीच्या नंबराला तीस दिवसही पुरत नाहीत, कारण काही खाती वर्षातून एकदाच उघडतात. त्यासाठी लेखा विभागाला आधीच विचारावं. रद्द करण्यापूर्वी नंबर बँक, ईमेल आणि इतर खात्यांतून काढा, व्हॉट्सॲपचं खातं ॲपमधून डिलीट करा. सोडलेला नंबर पुढे दुसऱ्या कोणाला तरी मिळतो आणि त्याच्यासोबत तुमचे निरोपही.

यादीत प्रत्येक नंबरापुढे सिमचा क्रमांक, फोनचा आयएमईआय (हँडसेटचा ओळख क्रमांक; *#०६# दाबलं की दिसतो, १५ अंकी), वापरणाऱ्याचं नाव, विभाग, लॉक-इनची अखेर आणि पूलमध्ये आहे की नाही, इतके रकाने पुरेत. नोकरी सोडणाऱ्याच्या कागदांत सिम परत केल्याची ओळ नसेल तर मात्र ही यादी सहा महिन्यांत शिळी होते. यंत्रांतल्या सिमांना सिम पिन लावा किंवा ऑपरेटरकडून ती त्या आयएमईआयला बांधून घ्या. राउटरमधलं सिम काढून फोनमध्ये घालणं नखाचं काम आहे. पिन तीनदा चुकला की पीयूके (अडकलेलं सिम उघडण्याचा कोड) लागतो, आणि तो दहा वेळा चुकला की सिम कायमचं निकामी. पीयूके कुठे लिहून ठेवलाय ते त्याच यादीत हवं.

कॉलचं थोडक्यात

अमर्याद कॉलच्या प्लॅनमध्ये हा भाग सोडून द्या. मोजून आकार लावणारा प्लॅन असेल तर दरापेक्षा पल्स, म्हणजे कॉलची वेळ मोजण्याचं एकक, पाहा. ६१ सेकंदांचे दहा कॉल सेकंदाच्या पल्सवर दहा मिनिटं दहा सेकंद होतात, मिनिटाच्या पल्सवर वीस मिनिटं. डिलिव्हरीसारख्या कामात, जिथे कॉल ‘खाली आलोय, या’ एवढाच असतो, तिथे मिनिटाची पल्स बिल कितीतरी पटींनी फुगवू शकते. ज्यांना परदेशी कॉल करायचेच नाहीत त्या सगळ्या नंबरांवर आंतरराष्ट्रीय कॉल बंद ठेवा. एक रिंग देऊन तोडणाऱ्या अनोळखी परदेशी नंबरावर उलट कॉल करणारा माणूस प्रत्येक कार्यालयात एक तरी असतो. ऑपरेटरच्या बिलातून होणारी मूल्यवर्धित सेवांची (कॉलर ट्यूनसारख्या जोडसेवांची) खरेदीही सरसकट बंद करून घ्यावी. पूलच्या बिलात ‘इतर आकार’ या ओळीखाली ती वर्षानुवर्षं सुखाने नांदते.

मग घ्यावा का?

विषम वापर, वीसच्या वर कनेक्शन आणि महिन्यातून तीनदा पोर्टल उघडणारं एक माणूस असेल तर पूल उत्तम आहे. तिसरी अट पुरी होत नसेल तर नंबरवार मर्यादा घालता येणाराच पूल घ्या, थोडा महाग पडला तरी. सगळ्यांचा वापर जवळपास सारखा असेल तर स्वतंत्र प्लॅन राहू द्या. निदान कोणी किती वापरलं ते उघड दिसतं.

सही करण्यापूर्वी मागची सहा बिलं प्रतिनिधीकडे द्या आणि नव्या पूलवर त्या सहा महिन्यांचं बिल किती आलं असतं, ते महिनावार मांडून मागा. जादा आकाराची ओळ वेगळी दाखवायला सांगा. नुसती सहा महिन्यांची एकूण बेरीज हातात आली तर कागद परत पाठवा, कारण जो एक जड महिना तुम्हाला पाहायचा आहे, तो नेमका बेरजेत बुडालेला असतो.